थंडीआधी हीट पंपची तयारी: कशाला घाबरायचं नाही आणि टेक्निशियनला कधी बोलवायचं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया या पट्ट्यात घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांकडे गॅसवर हवा तापवणारी फर्नेस नसते, हीट पंप असतो, म्हणजे उन्हाळ्यातला एसीच थंडीत उलटा चालतो आणि बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतो. ऑक्टोबरमध्येच खालचं सगळं उरकून घ्या कारण जानेवारीचा कडाका सुरू झाला की टेक्निशियन पटकन मिळत नाही. आणि एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा, घर गरम आहे म्हणजे पंप ठीक आहे असं अजिबात नाही. घरातल्या एअर हँडलरमध्ये (गरम हवा घरभर ढकलणाऱ्या पंख्याच्या पेटीत) बॅकअपला इलेक्ट्रिक कॉइल्स असतात, थर्मोस्टॅटवर 'ऑक्स हीट' दिसतं ते तेच, पंप कमी पडला की त्या गुपचूप चालू होतात, घर मस्त उबदार राहतं आणि बिघाड कळतो तो डायरेक्ट बिलात. ३ टनाचा पंप साधारण ३ किलोवॅट वीज खातो, कॉइल्स सहज १० किलोवॅट खातात, हिशोब तुम्हीच करा.

आधी बिघाड नसलेल्या गोष्टी यादीतून काढून टाकू. व्हेंटमधून येणारी हवा ९०-९५ फॅरनहाइटची असते, अंगापेक्षा थोडी कमीच, त्यामुळे हाताला गारच वाटते, फर्नेसची सवय असेल तर जास्तच, पण ते नॉर्मल आहे. बाहेरच्या युनिटवर पांढरं दव गोठणं पण नॉर्मल, दमट थंडीत ते होणारच, मग पंप काही मिनिटं उलटा फिरून ते वितळवतो, पंखा थांबतो, फुस्स आवाज येतो आणि युनिटमधून वाफेचा लोट निघतो, इंडियाहून आलेले आई-बाबा हमखास "अरे धूर निघतोय" म्हणून धावत येतात. डीफ्रॉस्ट आहे तो, १० मिनिटांत संपतो. सीझनमध्ये पहिल्यांदा कॉइल्स तापल्या की धूळ जळल्याचा वास येतो, तोही थोड्या वेळात जातो.

आता खरी परीक्षा. बाहेर ४५-५० फॅरनहाइट असेल असा दिवस बघा, थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर दोन-तीन तास अजिबात हलवू नका (एकदम ४-५ डिग्री वाढवलं तर ऑक्स तसाही लागतो, तो धरायचा नाही) आणि मग स्क्रीन बघा. एवढ्या सौम्य हवेत पण ऑक्स सारखा चालू असेल तर पंप आपलं काम करत नाहीये. जमलं तर स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घेऊन रिटर्न ग्रिलपाशी (जिथून घरातली हवा परत आत ओढली जाते ती जाळी) आणि जवळच्या व्हेंटपाशी तापमान मोजा, ऑक्स बंद असताना फरक २० फॅरनहाइटच्या आसपास किंवा थोडा जास्त हवा, १० च्याही खाली अडकला असेल तर फोन करायची वेळ झाली. बिल बघताना डॉलर नाही तर विजेची युनिट्स (kWh) बघा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, कारण दर बदलतात आणि आपण उगाच पंपाला दोष देतो.

बाकी लक्षणं पटापट. पूर्ण युनिट बर्फाचा ठोकळा झालंय आणि तासन्‌तास तसंच आहे, दर चार-पाच मिनिटांनी चालू-बंद होतंय, बाहेरून नुसतं गुणगुणतंय पण पंखा फिरत नाही (बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटर चालवायला वीज साठवणारा छोटा भाग, गेलेला असतो, पण स्वतः उघडू नका, बंद असला तरी त्यात चार्ज राहतो), तांब्याच्या पाइपच्या जोडावर तेलकट डाग आहेत, हीटवर टाकलं तरी खोलीपेक्षाही गार हवा येतेय. ब्रेकर पडला तर एकदाच परत चालू करून बघायचा, पुन्हा पडला तर तसाच राहू द्या. प्लॅस्टिक जळल्यासारखा वास येत राहिला तर ब्रेकर बंद, मग फोन.

फोनच्या आधी मात्र फुकटातल्या गोष्टी संपवा. फिल्टर बदला, खरंच, निम्म्या तक्रारींची सुरुवात तिथून होते असं मला वाटतं. थर्मोस्टॅटची बॅटरी, बंद केलेले व्हेंट्स, बाहेरच्या युनिटभोवती दोन फूट मोकळी जागा, वर पडलेली पानं. बर्फ असेल तर सळईने, सुरीने ठोकू नका, कॉइल फुटली की खर्च कुठल्या कुठे जातो.

कॉल करताना हाताशी काय हवं: युनिटच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर (फोटो काढून ठेवा), बसवल्याचं वर्ष, वॉरंटी रजिस्टर केली होती का, आणि पार्ट्सची वॉरंटी असली तरी लेबर वेगळं लागतं हे धरून चाला. पट्टीवर आत कोणता गॅस (रेफ्रिजरंट) आहे तेही लिहिलेलं असतं, आर-२२, आर-४१०ए वगैरे. आपल्याकडे एसीवाला दर उन्हाळ्यात गॅस भरून जातो म्हणून इथेही "थोडा टॉपअप करा" म्हणायची सवय असते, पण सिस्टिम बंद असते, गॅस संपत नाही, कमी झाला म्हणजे गळतोय, तेव्हा गळती शोधणार का हे आधी विचारा. आर-२२ चं नवं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तेवढ्या जुन्या युनिटमध्ये गॅस भरत बसण्यात अर्थ नाही, आणि आर-४१०ए च्या युनिटमध्ये नवा आर-४५४बी भरता येत नाही. १२-१५ वर्षांच्या पंपाचा कंप्रेसर गेला असेल तर नव्याचं कोटेशन पण घ्या, एकाचं नाही, दोन-तीन जणांचं. नव्या हीट पंपवरचं ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट २०२५ संपताना बंद झालंय, सेल्समन अजून ते सांगत असेल तर सावध. वीज कंपनीची किंवा राज्याची सूट मिळते का ते वेगळं बघा.

माणूस येईपर्यंत बाहेरचं युनिट गोठलेलं किंवा विचित्र आवाज करत असेल तर थर्मोस्टॅट इमर्जन्सी हीटवर टाका, पंप पूर्ण थांबतो आणि फक्त कॉइल्सवर घर तगतं, महाग पडतं पण पोरंबाळं गारठत नाहीत. दुरुस्ती झाल्यावर थर्मोस्टॅट परत साध्या हीटवर आणलाय ना, हे टेक्निशियन दारात असतानाच बघून घ्या.