थंडीच्या मुक्कामासाठी टिकाऊ, उबदार मॅट कशी निवडावी

ठाण्याहून शुक्रवारी रात्री हरिश्चंद्रगडाकडे निघणारी मंडळी स्लीपिंग बॅगवर हजारो रुपये खर्च करतात आणि मॅट मात्र मिळेल ती उचलतात. अंगाखाली बॅगेतली पिसे दबली की त्यांच्यात हवा उरत नाही. मग जमीन अंगातली ऊब ओढून घेऊ लागते आणि तिला अडवायला फक्त मॅट असते.

लांबी-रुंदी स्वतः आडवे होऊन पाहावी.

खरी फसगत जाडीत होते. एका जानेवारीत मी कोकणकड्याजवळ चांगली चार बोटे जाड, हवेची मॅट घेऊन झोपलो आणि पहाटे तीन वाजता पाठीखाली रिकामी सॅक सरकवत बसलो. तिच्या आत नुसती हवा होती. अशी मोकळी हवा आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खालच्या गार कापडापर्यंत पोहोचवते. म्हणून जाडीकडे पाहू नका, आर-व्हॅल्यू (मॅट ऊब किती अडवते त्याचा आकडा; जितका मोठा तितकी मॅट उबदार) पाहा, आणि ती एएसटीएम एफ३३४० या मानकानुसार मोजलेली असेल तरच धरा. हे मानक येण्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असे. सह्याद्रीच्या हिवाळ्याला साधारण २ पुरते, डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फावर मात्र ५ च्या खाली जाऊ नये. दोन मॅटींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, त्यामुळे खाली २ ची फोमची आणि वर ३ ची हवेची, ही जोडी मला एकाच महागड्या मॅटपेक्षा केव्हाही अधिक भरवशाची वाटते: काट्याने वरची फुटली तरी रात्र निभावते.

कापडाचे डेनियर, म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप, विचारावे. २० डेनियरचे कापड वजनाला हलके असते, पण कातळावर आणि बोराटीच्या काट्यांत मी ते वापरणार नाही.

घरी आणल्यावर मॅट फुगवून, वर वजन ठेवून रात्रभर तपासावी. गडावर सकाळी ती किंचित मऊ लागली तर लगेच भोक शोधू नये, कारण गारठ्याने आतली हवा आकसते. तोंडाने फुगवू नये. श्वासातली ओल आत साचते, त्यापेक्षा पंपसॅक, म्हणजे हवा भरायची पिशवी, वापरावी. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये, कारण उष्णतेने आतला गोंद सुटतो, मध्येच फुगवटा येतो आणि त्यावर दुरुस्ती नाही. घरात झडप उघडी ठेवून, पलंगाखाली सपाट पसरावी.

भोक पडलेच तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, पेनाने खूण करावी आणि कापड पूर्ण सुकल्यावरच पॅच लावावा.