स्नायपरचा स्लिंग शेवटी जमला

माझी एअरसॉफ्टची (प्लॅस्टिकच्या गोळ्यांनी खेळायच्या लुटुपुटूच्या लढाईची) बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे करायची स्नायपर रायफल लांब आणि पुढून जड, तिला आधी सिंगल पॉइंट स्लिंग (एकाच जागी अडकणारा खांद्याचा पट्टा) लावला होता आणि पिस्तूल काढायला रायफल सोडली की नळी थेट गुडघ्यावर आपटायची, रांगताना तर मातीतच. मग टू पॉइंट (पुढे-मागे दोन जागी अडकणारा) घेतला, ओढून लगेच सैल-घट्ट होणारा. तरी पाठीवर टाकली की वरचा स्कोप (नेमाची दुर्बीण) जड असल्याने रायफल उलटी व्हायची, कारण स्लिंग अडकवायच्या दोन्ही कड्या खालच्या बाजूला. मागची कडी स्टॉकच्या (खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या) डाव्या बाजूला घेतली (मी उजव्या हाताचा) आणि ते थांबलं. स्लिंगच्या हुकांचा खणखणाट मात्र राहिला होता, लपून बसलेल्याला तो फार महागात पडतो, म्हणून त्यांना कापडी टेप गुंडाळली.