पाटणच्या घाटरस्त्यांवर पेट्रोल कसं पुरवावं

मी गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. राहायला पाटणला. फिरती तारळे, सडावाघापूर, कोयनानगर, हेळवाक, कधी कधी कुंभार्ली घाटाच्या माथ्यापर्यंत. मोटारसायकलला मागे द्रव नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो, त्यात उणे 196 अंशांवर रेतमात्रा. गाय माजावर आली की साधारण बारा ते अठरा तासांत रेतन व्हावं लागतं. ती वेळ गेली की पुढचा माज थेट 21 दिवसांनी. वाटेत माझं पेट्रोल संपलं, तर शेतकऱ्याचे तीन आठवडे जातात.

2016 च्या श्रावणात हे माझ्या हातून घडलं. सडावाघापूरच्या पठारावर धुकं, वर पाऊस, अंधार पडत आलेला. गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पेट्रोलचा कॉक फिरवायला हात खाली घातला, तर तो आधीच रिझर्व्हवर, टाकीतल्या राखीव पेट्रोलवर. तीन दिवसांपूर्वी पेट्रोल भरलं आणि खटका परत ऑनला घ्यायचा राहून गेला होता. म्हणजे सूचना द्यायला शिल्लकच काही नव्हतं. कॅनसकट गाडी ढकलत पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. सकाळी गाईनं माज सोडला होता. मालक काही बोलला नाही, चहा ठेवला. तेव्हापासून माझ्या डिकीत एक वही आहे.

वहीचं काम सोपं आहे. टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी पुन्हा तितकीच फुल्ल करा. गाडी दोन्ही वेळा मेन स्टँडवरच हवी, साइड स्टँडवर टाकी तिरकी होते आणि हिशेब अर्धा-पाऊण लिटरनं चुकू शकतो. चाललेले किलोमीटर भागिले आता मावलेलं पेट्रोल, हे तुमचं ॲव्हरेज. असं चार-पाच वेळा लिहा, पण घाटातलं वेगळं आणि सपाटीचं वेगळं. कंपनी सांगते तो आकडा विसरा.

माझी गाडी 100 सीसीची, टाकी 9.8 लिटरची. उंब्रज ते सातारा हायवेला, पन्नास-पंचावन्नच्या वेगानं, ती 60 देते. तीच गाडी कॅन घेऊन कोयनेच्या चढाला 46 वर येते. मी नेहमी वहीतला सर्वांत कमी आकडा धरतो आणि टाकीतलं आठच लिटर माझं समजतो. आठ गुणिले 46, म्हणजे 368 किलोमीटर. पण 250 झाले की समोर दिसेल त्या पंपावर थांबतो, मग काटा काहीही दाखवो. काटा तरंगत्या गोळ्यावर चालतो. चढाला टाकीतलं पेट्रोल मागे सरतं, उताराला पुढे येतं आणि काटा त्याबरोबर हलतो. घाटात त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत गेल्यावर माझ्या वहीतला आकडा थोडा उतरला. आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून ते बनतं, त्याचं मला चांगलंच वाटतं. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या हिशेबावर लांब जाणाऱ्यांनी वही नव्यानं सुरू करावी.

सुट्टीच्या दिवशी कास, ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर बघायला पोरं येतात. त्यांना मी हेच सांगतो : पठारावर चढायच्या आधी खालच्या गावातच भरा. कासला जायचं तर साताऱ्यात, कुंभार्ली उतरायचा तर पाटणला. मोबाइलच्या नकाशावर पुढे पंप दिसत असला तरी तो तेव्हा चालू असेलच असं नाही, पावसाळ्यात लाइट जाते, कधी टँकरच आलेला नसतो. जाऊन परत यायला पुरेल इतकं हवं आणि वर आणखी 50 किलोमीटरचं, कारण दरड पडून रस्ता बंद झाला की लांबचा वळसा पडतो. पवनचक्क्या जिथे उभ्या केल्यात तिथे वारा असणारच. समोरून वारा आला की सपाटीवरही गाडी चढासारखं पेट्रोल पिते. वेग वाढवला की हवेचा रेटा वर्गाच्या पटीत वाढतो, ऐंशीला तो साठच्या पावणेदोन पट होतो. चाकात हवा कमी, चेन कोरडी, मागे जोडीदार आणि दोन बॅगा, हे सगळं वहीत लिहा.

पेट्रोल थोडंच उरलंय असं कळलं तर चाळीस-पंचेचाळीसनं, इंजिन कुथणार नाही अशा वरच्या गिअरमध्ये एकसारखं चालवा. उताराला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मी रोज बघतो. कृपा करून असं करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की वळणावर हाती काही राहत नाही. शिवाय नव्या, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उताराला पेट्रोल बहुतेक वेळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतंच.

गाडी बंद पडलीच, तर आधी वळणापासून बाजूला घ्या, इंडिकेटर लावा. मग टाकीचं झाकण उघडा. झाकणातलं हवेचं बारीक भोक चिखलानं बुजलं तर आत पोकळी होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. उघडताना फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर पेट्रोल संपलेलंच नव्हतं. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक ज्या बाजूला, त्या बाजूला ती चांगली कलती करा. टाकी मध्ये कमानीसारखी असते, पलीकडच्या खोलगटात अडकलेलं पेट्रोल इकडे येतं. तेवढ्यावर दोन-चार किलोमीटर निघतात.

दुसऱ्या गाडीतून पेट्रोल काढताना नळीला तोंड लावू नका. घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यातच जातो. हातानं दाबायचा रबरी फुगा असलेली नळी मिळते, ती मी वहीशेजारी ठेवतो. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागू नका, पंपावर तशी मनाई आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ला फोन लावा.

इंजेक्शनच्या गाडीला स्टार्टर मारत बसू नका. तिचा पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो, कोरडा फिरला की खराब होतो, आणि तो बदलायला चांगले पैसे पडतात. पेट्रोल ओतल्यावर चावी ऑन करा, पंपाचा बारीक आवाज थांबू द्या, चावी बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावर मग स्टार्टर. अशा उसन्या पेट्रोलवर ट्रिप मीटर शून्य करू नका, पंपावर टाकी फुल्ल झाल्यावरच करा.