पाऊस जूनचाच, पण पेरा रब्बीचा: पर्थमध्ये बाग लावणाऱ्या सातारा-सांगलीकरांसाठी

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थला घर भाड्याने घेतलं, मागे चार हात मोकळी जागा दिसली की आपल्याकडच्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात. कोणी विट्याचं, कोणी दहिवडीचं, कोणी तासगावचं. बहुतेकांच्या घरी शेती. त्यातही माण, खटाव, जत, आटपाडीकडच्यांना कमी पाण्यात निभावून न्यायची सवय असते. ती इथे फार कामाला येते. पण वेळापत्रक पुरतं बदलावं लागतं, आणि नव्यांची झाडं बहुतेक त्यापायीच जातात, म्हणून आधी तेच सांगतो.

पर्थचा पाऊस मे-जूनला जोर धरतो आणि सप्टेंबरला ओसरतो. गावाकडून फोन येतो, "मृग लागला, काही लावलं का नाही?" महिना जुळतो, पाऊसही पडत असतो, आणि माणूस भेंडी, गवार, दोडका टाकून मोकळा होतो. उगवत नाही, उगवलंच तर पिवळं पडून बसतं. कारण इथला जून म्हणजे थंडीची सुरुवात. पाऊस थंडीत आणि ऊन कोरडं, असा हा उलटा मामला आहे. पाऊस जूनचाच, पण पेरा रब्बीचा. पर्थच्या पूर्वेला गव्हाचा मोठा पट्टा आहे. तिथले शेतकरी एप्रिलअखेर ते मेमध्ये गहू पेरतात, हिवाळी पावसावर वाढवतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात काढतात.

अशा हवामानाला भूमध्य सागरी म्हणतात. भूमध्य समुद्राभोवतीचा मुलूख, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप टाऊनकडचं टोक आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण-नैर्ऋत्य भाग, जगात एवढ्याच ठिकाणी ते आहे. उन्हाळ्यात जास्त दाबाच्या हवेचा पट्टा दक्षिणेला सरकून इथे ठाण मांडतो आणि पावसाला येऊ देत नाही. हिवाळ्यात तो उत्तरेला सरकला की पश्चिमेच्या समुद्रावरून पाऊस आत येतो. वर्षाचा हिशेब केला तर पर्थला माण-आटपाडीपेक्षा जास्त पाऊस पडतो. तरी जानेवारीत बाग करपते, कारण झाडाला पाण्याची खरी गरज असते तेव्हा आभाळ कोरडं असतं, पारा कधी कधी चाळिशी ओलांडतो आणि सकाळी पूर्वेकडून वाळवंटाचं गरम वारं सुटतं.

म्हणून कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, वाटाणा, कांदा, लसूण एप्रिलपासून लावायला घ्या. उन्हाळ्यात कोथिंबीर लावलीत तर चार पानं येतात न येतात तोच तुरा धरते. मिरची, टोमॅटो, वांगी सप्टेंबर-ऑक्टोबरला. भेंडी, गवार, दोडका जमीन नीट तापल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. हळद आपल्याकडे अक्षय तृतीयेला लावतात, इथे त्या वेळी गड्डा ओल्या थंड मातीत कुजतो. ती सप्टेंबर-ऑक्टोबरला लावा, मे-जूनला पाला वाळला की काढा. इथली कायमची झाडं मात्र पहिला पाऊस झाला की मे-जूनमध्येच लावायची. वर वाढ दिसत नाही, पण हिवाळाभर मुळं खाली जातात आणि पहिला उन्हाळा झाड त्याच मुळांवर काढतं. नर्सरीत फुलं बघून नोव्हेंबरात झाड आणण्याचा मोह होतो, तो टाळा.

इथले मूळ रहिवासी नूंगार लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. जून-जुलै म्हणजे मकुरू, थंडी-पावसाचा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे बिरक, कोरड्या उन्हाळ्याचा पहिला. बागेसाठी मला इंग्रजी चार ऋतूंपेक्षा हीच मोजणी जास्त बरोबर वाटते.

आता माती. कृष्णाकाठची काळी जमीन डोक्यातून काढून टाका. आपला शाळू परतीच्या पावसाच्या ओलीवर येतो, कारण काळी माती ओल धरून ठेवते. पर्थच्या किनारपट्टीची वाळू काहीच धरत नाही, आणि उन्हाळ्यात सुकली की पाणी आतसुद्धा घेत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघा. फेब्रुवारीत वाफ्यात पेलाभर पाणी ओता. अळवाच्या पानावर थांबावेत तसे थेंब वाळूवर थांबतात आणि उताराकडे घरंगळतात. बोटाने उकरलं तर खाली कोरडी धूळ. कुजलेल्या पाल्यातलं मेण वाळूच्या कणांवर चढतं, म्हणून हे होतं. वरून रोज पाणी मारत राहिलात तरी मूळ तहानलेलंच राहतं.

उपाय तीन, आणि तिन्ही मिळून करायचे. दुकानात सॉइल वेटर मिळतं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी द्या, वाळू पाणी आत घ्यायला लागते. बेंटोनाइट चिकणमातीची पूड आणि भरपूर कंपोस्ट वाफ्यात मिसळा. कंपोस्ट वाळूत लवकर संपतं, दर वर्षी घालावं लागतं. आणि आच्छादन. उसाच्या पाचटाचं आच्छादन आपल्याला कोणी शिकवायला नको. इथे लाकडाचा जाडाभरडा भुगा वापरतात, दोन-तीन इंच थर, खोडापासून चार बोटं लांब. बारीक भुगा घेऊ नका, तो पाणी स्वतःच पिऊन बसतो.

पाण्याचे नियम कडक आहेत. स्प्रिंकलर आठवड्यातून दोनच दिवस, तेही तुमच्या घर क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून ठरलेले, सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर. 1 जून ते 31 ऑगस्ट स्प्रिंकलर पूर्ण बंद. हातात नळी धरून पाणी घालायला हरकत नाही. 1970 च्या दशकापासून इथला हिवाळी पाऊस घटत गेला, धरणांत येणारं पाणी आटलं, 2006 साली पर्थजवळच्या क्विनानाला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प सुरू झाला. आज शहर बरंचसं समुद्राच्या आणि जमिनीतल्या पाण्यावर जगतं. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे नियम जाचक वाटू नयेत.

ऊन कुठून येतं तेही बघून घ्या. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. हिवाळ्यात घराच्या दक्षिणेला सावली आणि गारठा, उत्तरेच्या भिंतीशी ऊब. कढीपत्ता, शेवगा, आंबा, मोगरा उत्तरेला लावा. कढीपत्ता जुलैत पिवळा पडून पानं टाकतो. मेला समजून उपटू नका, पाणी कमी करा, सप्टेंबर-ऑक्टोबरला फुटतो.

बँक्सिया, ग्रेव्हिलिया ही इथली झाडं लावणार असाल तर 10:26:26 किंवा डीएपी या स्फुरदाच्या खतांचा हात आवरा. ही झाडं स्फुरद (फॉस्फरस) नसल्यासारख्या जमिनीत वाढलेली, त्यांची मुळं कणकण गोळा करतात. जास्त स्फुरद पडलं की पानं करपून झाड जातं. कोंबडीखतही नको.

द्राक्षाबद्दल तासगाव-पलूसकडच्यांशी जरा सविस्तर बोलतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी घेऊन काडी तयार करतो, ऑक्टोबरला फळछाटणी घेतो आणि डोळे फुटायला पेस्ट लावतो. इथे यातलं काही लागत नाही. मे-जूनमध्ये थंडीने पानं आपोआप गळतात, जुलैत एकदाच छाटणी, सप्टेंबरात डोळे फुटतात, जानेवारी-फेब्रुवारीत घड तयार. थॉम्पसन सीडलेस इथे सुल्ताना नावाने मिळते. फुलोरा-मण्याच्या वेळी पाऊस ओसरलेला असतो, त्यामुळे डाऊनीची (केवडा रोगाची) आपल्यासारखी धास्ती नाही. भुरी रोग मात्र हमखास येतो. गंधक मारा, पण तापलेल्या दिवशी नाही, पानं भाजतात. घरच्या मांडवाला ही वेल फार छान: उन्हाळ्यात दाट सावली, हिवाळ्यात पानं गळून अंगणात ऊन. डाळिंबालाही पाणी तोडून ताण द्यायची गरज नाही, थंडीच ताण देते. फळ मार्च ते मे मिळतं.

जे अजून गावीच बॅग भरताहेत त्यांना कळकळीने सांगतो: बी, हळदीचे गड्डे, ताजा कढीपत्ता, तुळशीचं रोप आणू नका. खायचं जे काही आणाल ते विमानतळावरच्या कार्डावर लिहा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, आणि एका किडक्या बियाने इथल्या शेतकऱ्याचं किती नुकसान होतं ते शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं सांगायला नको. रोपं इथल्या नर्सरीत मिळतात. 2021 मध्ये पर्थच्या ईस्ट फ्रीमँटल उपनगरात खोड पोखरणारा एक बारीक भुंगेरा सापडला, तेव्हापासून पर्थमध्ये लाकूड-फांद्या इकडून तिकडे नेण्यावर बंधनं आहेत. छाटणीच्या काड्या मित्राकडे न्यायच्या आधी सरकारी नियम बघा. फळमाशीही इथे मुरलेली आहे. पडलेली फळं झाडाखाली ठेवू नका, काळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून उन्हात तापवा, मग कचऱ्यात टाका.

घर भाड्याचं असेल तर जमिनीत काही लावण्यापूर्वी एजंटाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर सरळ कुंड्यांत लावा. कुंडीच्या तयार मातीची पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा, माती आधी ओलसर करा, मास्क आणि हातमोजे घाला, नंतर हात धुवा. या मातीत लेजिओनेलाचे जिवाणू असू शकतात, धुळीबरोबर आत गेले तर फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. पिशवीवर इशारा छापलेला असतो. आई-वडील राहायला आले की त्यांनाही तो वाचून दाखवा, कारण दुपारी बागेत तेच असतात.