३२ बिटचा कर्नल शिकायचा कशासाठी, आणि कसा

बडोद्यात एम्बेडेडमध्ये (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या कामात) शिरू पाहणारी मुलं हमखास विचारतात: फोन, लॅपटॉप सगळं ६४ बिटचं झालं, मग ३२ बिटचा कर्नल (लिनक्सचा गाभा) बिल्ड करायचा, म्हणजे सोर्सपासून तयार करायचा, तो कोणासाठी? मी त्यांना मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीचा रस्ता दाखवते. पॅनेलमागे बसवलेले डेटा लॉगर (नोंदी साठवणारी यंत्रं) ३२ बिट एआरएम प्रोसेसरवर वर्षानुवर्षं निमूट चालत असतात, आणि चालत्या मशीनला कोणी सहजासहजी हात लावू देत नाही. आमचा पगार त्यावरच निघतो.

सुरुवातीला बोर्ड विकत घेऊ नका. लिनक्स असलेला लॅपटॉप पुरे. कर्नलचा सोर्स उतरवा, मेकला (बिल्ड चालवणारी कमांड) आर्च, म्हणजे आर्किटेक्चर, म्हणून आय३८६ (३२ बिट पीसी) सांगा, डिफकॉन्फिग (तयार सेटिंग) घ्या आणि बिल्ड लावा. (नावात ३८६ असलं तरी खऱ्या ३८६ प्रोसेसरवर तो चालणार नाही, तो सपोर्ट २०१३ साली ३.८ आवृत्तीतच गेला.) मग हेच एक्स८६_६४ (६४ बिट पीसी) साठी. दोन्हींचं आउटपुट वेगळ्या फोल्डरांत ठेवा, मेकमध्ये त्यासाठी 'ओ=' आहे. तयार झालेल्या व्हीएमलिनक्स या कर्नलच्या फाइलवर 'फाइल' कमांड चालवली की ३२ की ६४ ते लगेच दिसतं. पुढे क्यूइमूत (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) बूट करा. रूट फाइलसिस्टम माउंट होत नाही म्हणून पॅनिक आला (कर्नल हात टेकून थांबला) तर दचकू नका, तुम्ही ती दिलेलीच नाही. कर्नल तिथवर पोचला म्हणजे बिल्ड जमला.

एआरएमला क्रॉस कंपायलर, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा कंपायलर, लागतो. मेकला त्याच्या नावाचा सुरुवातीचा भाग तेवढा द्यायचा, शेवटच्या डॅशसकट. आणि आर्च दर वेळी द्यायचं. राहून गेलं तर मेक तुमच्या लॅपटॉपचंच आर्किटेक्चर धरून चालतो आणि कॉन्फिगची वाट लागते.

खरी गंमत यापुढे आहे. समजा, ड्रायव्हरमध्ये नॅनोसेकंदांचा यू६४ (६४ बिटचा, बिनचिन्हाचा) आकडा आहे आणि त्याला १०,००,००० ने भागून तुम्ही मिलिसेकंद काढलेत. ६४ बिटवर बिल्ड बिनबोभाट होतो. ३२ बिट एआरएमवर कंपाइलही होतं, आणि अगदी शेवटी एरर येतो: '__एइएबीआय_यूएलडिव्हमॉड' सापडत नाही. या नावाचं काही तुम्ही लिहिलेलंच नसतं, त्यामुळे नवा माणूस आपल्या कोडमध्ये ते शोधत बसतो. होतं असं की ६४ बिटांचा भागाकार करणारी सूचना या प्रोसेसरकडे नाही, म्हणून कंपायलर परस्पर लिबजीसीसी या स्वतःच्या लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. कर्नलने ते मुद्दाम आत घेतलेलं नाही, कारण असा भागाकार महाग पडतो आणि तो नकळत होऊ नये. कर्नलचंच 'डिव्ह_यू६४' वापरा, काम होतं. 'डू_डिव्ह'ही आहे, पण तो जरा विचित्र: भागाकार मूळ व्हेरिएबलमध्येच लिहून ठेवतो आणि परत देतो ती बाकी.

पॉइंटर इंटमध्ये कोंबू नका, हे सगळेच सांगतात. लाँग, आणि पॉइंटरही, ३२ बिटवर चार बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर आठचा. इंट दोन्हीकडे चारच. कंपायलर वॉर्निंग देतो, ती वाचा, बस.

स्ट्रक्चरचा घोळ मात्र वॉर्निंगशिवाय येतो. आधी यू३२, मग यू६४ असं साधं स्ट्रक्चर घ्या. एक्स८६_६४ वर ते १६ बाइट भरतं, कारण यू६४ ला आठच्या पटीतला पत्ता लागतो. आय३८६ वर चारचा चालतो, म्हणून १२. आता ६४ बिट कर्नलवर जुना ३२ बिट प्रोग्रॅम चालवा आणि हे स्ट्रक्चर आयओसीटीएलमधून (प्रोग्रॅमने ड्रायव्हरशी बोलायची कॉल) पाठवा: प्रोग्रॅम आणि कर्नल, दोघांचे हिशेब वेगळे. मधली चार बाइटची रिकामी जागा स्वतःच एक फील्ड टाकून भरली की दोन्हीकडे १६ येतात. ३२ बिट एआरएमवर मात्र न सांगताच १६ येतात, त्यामुळे 'आमच्या बोर्डावर तर चालतं' हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

मुलाखत घेताना मी हेच स्ट्रक्चर कागदावर लिहून आकार विचारते. चार आणि आठ बारा, असं म्हणणाऱ्याला लगेच बाद करत नाही. पण 'कोणत्या मशीनवर?' असं जो उलट विचारतो, त्याची पुढची फेरी पक्की.