पेशींचं घड्याळ नोंदवायच्या आधी

पेशी ज्या पोषक द्रावात वाढतात ते मीडियम नुसतं बदललं तरी पेशींचं घड्याळ, म्हणजे त्यांची साधारण 24 तासांची लय, सरकतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की तयारीत काय काय लागेल ते आपोआप सुचत जातं.

इथे उंदराच्या पिल्लांच्या कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून, घेऊन वाढवलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी (मेंदूतल्या, न्यूरॉनना आधार देणाऱ्या) धरल्या आहेत. उंदीर 2004 मध्ये ताकाहाशींच्या लॅबने प्रसिद्ध केलेले, घड्याळाच्या पिरियड-2 प्रथिनाला लुसिफरेज, म्हणजे प्रकाश देणारं एन्झाइम, जोडलेले. त्या प्रकाशाच्या चढउतारातून लय नोंदवायची. प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय पिल्लांची तारीख ठरवू नका. पेशी भरायला साधारण दोन आठवडे जातात. 35 मिलिमीटरच्या डिशमध्ये त्या एकमेकींना चिकटून तळ झाकतील तेव्हाच पुढे जा.

नोंदणीचं मीडियम आदल्या दिवशी करून ठेवा. त्यात फिनॉल रेड नको, कारण तो रंग प्रकाश शोषतो. आम्लता स्थिर ठेवणारं हेपिस हवंच, डिश सीलबंद असते, कार्बन डायऑक्साइडचा आधार नसतो. लुसिफरेज ज्यापासून प्रकाश काढतं ते लुसिफेरिन 0.1 मिलिमोलर, तेही ऐनवेळी, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या ट्यूबमधून.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध. प्रत्येक पेशीची लय चालूच असते, पण एकीची सकाळ तर दुसरीची संध्याकाळ, त्यामुळे सगळ्यांच्या प्रकाशाच्या बेरजेची रेघ जवळजवळ सपाट दिसते. 100 नॅनोमोलर डेक्सामेथासोन तासभर दिलं की सगळ्या एका ठोक्यावर येतात. हायपोथॅलॅमसमधल्या मुख्य घड्याळाचा, म्हणजे एससीएनचा, काप असेल तर हे लागत नाही. तिथले न्यूरॉन एकमेकांना सांभाळून घेतात. ही गोष्ट मला आजही थक्क करते. एक डिश मात्र डेक्सामेथासोनशिवाय, नुसत्या द्रावकाची ठेवा. मीडियम बदलल्याचा परिणाम किती, हे तीच सांगते.

कव्हरस्लिपला सिलिकॉन ग्रीस कडेने सलग लावा. एक फट राहिली तर चौथ्या दिवशी डिश आटलेली सापडते. काच आधी कोमट करून घ्या, नाहीतर आतून वाफ धरते आणि प्रकाश अडतो.

डिश लुमिसायकलमध्ये, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात, ठेवल्याची वेळ मिनिटासकट वहीत लिहा, आणि संगणकाचं घड्याळ त्याच्याशी जुळवून पाहा. लुमिसायकल 36 ते 37 अंशांवर आदल्या रात्रीपासून चालू असू दे. तापमान हलणं हाही पेशींना वेळेचा इशाराच. यूपीएस तपासा. पहिले 24 तास आकडे धरायचे नाहीत, म्हणून किमान सहा दिवस यंत्र राखून घ्या आणि तेवढे दिवस दारावर चिठ्ठी लावा: उघडू नये.