गिअर बदलताना गाडी हिसके देते? गिअरबॉक्स उतरवण्याआधीची तयारी

हिसका बसला की पहिला संशय क्लच प्लेटवर जातो. पण प्लेट बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. एवढी मजुरी भरल्यावर दोष इग्निशन कॉइलमध्ये (स्पार्क प्लगला ठिणगी देणारा भाग) किंवा फाटलेल्या फाउंडेशनमध्ये (इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग) निघाला तर ते पैसे गेलेच. म्हणून बाहेरून तपासता येईल ते सगळं आधी तपासून घ्या. इथली माहिती मॅन्युअल गिअरच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या पेट्रोल हॅचबॅकची आहे.

सुरुवातीला वही घ्या आणि ओळखीच्या रस्त्यावर चक्कर मारा, एकदा इंजिन गार असताना आणि एकदा गरम झाल्यावर. हिसका नेमका कधी बसतो ते लिहा. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी थरथरत असेल तर क्लच, फ्लायव्हील (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) किंवा फाउंडेशन बघायचं. क्लच पेडल पूर्ण सोडल्यावरही अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गचके येत असतील तर क्लचचा संबंध जवळजवळ नाही, इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना एकच 'ठक' येत असेल तर फाउंडेशन किंवा ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाकाला जोर देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. एकाच गिअरला खर्र आवाज येत असेल तर सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रिंग) झिजलेला. सगळेच गिअर अडत असतील आणि रिव्हर्स सगळ्यात जास्त, तर क्लच पूर्ण सुटत नाही. ही नोंद नीट केली की निम्मं निदान झालंच.

सामान फार लागत नाही: ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), आपल्या मापाचा स्पार्क प्लग पाना, फीलर गेज (प्लगचा गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), थ्रॉटल बॉडी क्लीनर, फूटपट्टी, टॉर्च, चाकांना लावायला लाकडी ठोकळे आणि गाडीचं मॅन्युअल. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

आधी स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा मिसिंग करणाऱ्या सिलिंडरचा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा, कोड पुसा आणि गाडी चालवा. कोड कॉइलसोबत सरकला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग काढून गॅप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. तोही ठीक असेल तर संशय इंजेक्टरवर. थ्रॉटल बॉडीवर काळा थर असेल तर इग्निशन बंद ठेवून, क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून ढकलू नका.

मग क्लच पेडल. केबल असेल तर पेडलचा प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल, फूटपट्टीने मोजा. अनेक छोट्या गाड्यांत तो १० ते २० मिमीच्या आसपास असतो, पण खरा आकडा मॅन्युअलमधला. प्ले फार कमी असेल तर प्लेट घसरते, फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर फ्लुइडची पातळी आणि क्लचच्या सिलिंडरजवळची गळती बघा. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते वाचा आणि सीलबंद बाटलीतलंच घाला, कारण हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं.

फाउंडेशनची चाचणी दोघांनी करायची. चाकांना ठोकळे, हँडब्रेक, पायाखाली ब्रेक, बॉनेट उघडं. बघणाऱ्याने बाजूला उभं राहावं, गाडीच्या समोर कधीही नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडू लागेल इतपतच, दोन-तीन सेकंद सोडायचा. मग रिव्हर्समध्ये तेच. इंजिन थोडं हलणारच. ते उडी मारत असेल किंवा रबर धातूपासून सुटलं असेल तर फाउंडेशन बदला. हा भाग स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

गिअर ऑइल बदलताना तेल सोडायच्या ड्रेन प्लगच्या आधी तेल भरायचा प्लग उघडून बघा. तेल काढल्यावर तो जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकते. बऱ्याच छोट्या गाड्यांत साधारण २ ते २.५ लिटर तेल बसतं. गाडी सपाट असताना ते भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत यायला हवं. मॅन्युअलमध्ये तेलाचा दर्जा जीएल-४ असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली काही गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगला चालत नाहीत. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळपट लगदा चालेल, धातूचे तुकडे नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल आणि तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय. तेल लगेच बदला.

एएमटी गाडीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते) गिअर बदलताना थोडा झोका स्वाभाविक आहे. तो अचानक वाढला तर कंपनीच्या स्कॅनरवर क्लचचं सेटिंग नव्याने शिकवून घ्या. क्लच बदलल्यावर तर हे करावंच लागतं.

हे सगळं ठीक निघालं तरच गिअरबॉक्स उतरवा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) एकत्रच घ्या. जुनी प्लेट तेलकट निघाली तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सचं सील तपासल्याशिवाय नवी बसवू देऊ नका, तीही भिजेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत का, हे स्वतः उभं राहून बघा. प्लेटच्या अस्तराला ग्रीसचा हात लागू नये. स्प्लाइनवर (प्लेट जिथे बसते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस अगदी पातळ, कारण जास्तीचं उडून प्लेटवर जातं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. पहिले ५०० किमी घाटात हाफ क्लचवर गाडी धरू नका, आणि केबलची गाडी असेल तर तेवढं अंतर झाल्यावर पेडलचा प्ले पुन्हा मोजा.